एका बगला टोपणनाव, दुसऱ्याला शिव्या: अर्ली ॲक्सेस गेम्समध्ये नेमकं बिनसतं काय

कर्बल स्पेस प्रोग्रॅम, म्हणजे केएसपी, हा गेम ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हिरवी बुटकी माणसं असतात, त्यांच्यासाठी आपण रॉकेट बांधायचं, उडवायचं आणि जमलं तर चंद्रावर उतरवायचं, बहुतेक वेळा जमत नाही. हा गेम केला मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने, आणि गंमत म्हणजे ती मुळात गेमिंगवाली कंपनीच नव्हती, मार्केटिंगची कामं करायची, तिथे काम करणाऱ्या फेलिपे फालांगेच्या डोक्यातली ही आयडिया. जून २०११ मध्ये पहिली आवृत्ती लोकांना दिली तेव्हा त्यात उतरायला चंद्रच नव्हता. बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, मात्र भरपूर. त्यातला एक असा की यान लांब अंतराळात मस्त चाललेलं असायचं आणि काहीही कारण नसताना थरथरायला लागायचं, पुढच्या सेकंदाला त्याचे तुकडे. खेळणाऱ्यांनी या बगचं नाव ठेवलं क्रॅकन, दंतकथेतला तो जहाजं गिळणारा समुद्रातला राक्षस असतो ना, तो. "क्रॅकनने खाल्लं माझं यान" असं लोक एकमेकांना कौतुकाने सांगायचे. पुढे डेव्हलपर लोकांनी बॉप नावाच्या एका छोट्या उपग्रहावर मेलेला क्रॅकन लपवून ठेवला.

आता २०२३ मध्ये या. त्याच गेमचा दुसरा भाग, केएसपी टू, २४ फेब्रुवारीला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला आला, किंमत ४९.९९ डॉलर. त्याच्याच आधीच्या आठवड्यात कळलं की गेम चालायला कमीत कमी आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड पाहिजे आणि नीट चालायला आरटीएक्स ३०८०, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या लोकांचा विषय तिथेच संपला. ज्यांच्याकडे ते कार्ड होतं त्यांनी गेम लावला तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा, रांगत होता, उंच रॉकेट उभ्या उभ्या डुलत होतं, इंजिन बंद असताना यानाची कक्षा आपोआप बदलत होती. इथे कोणी कुठल्या बगचं लाडाने नाव वगैरे ठेवलं नाही. रिफंड मागितले.

लेबल दोन्हीकडे तेच, अर्ली ॲक्सेस. बगसुद्धा बरेचसे एकाच जातीचे. मग एवढा फरक का? मला विचाराल तर या प्रश्नात सगळा विषय येतो, कारण "अर्ली ॲक्सेस आहे रे, बग असणारच, कशाला रडतोस" म्हणणारे आणि "पैसे घेतलेत ना, मग चालायलाच पाहिजे" म्हणणारे, दोघंही अर्धंच बोलतात.

आधी अर्ली ॲक्सेस म्हणजे काय ते बघू. गेम अर्धवट असतानाच विकायला ठेवायचा, आलेल्या पैशातून पुढचं काम करायचं आणि खेळणाऱ्यांकडून काय बिघडलंय, काय आवडलंय ते समजून घ्यायचं. हे मोठ्या प्रमाणावर चालू शकतं हे माइनक्राफ्टने दाखवलं, मार्कुस पेर्सनने तो २००९ मध्येच अर्धवट अवस्थेत विकायला सुरुवात केली आणि पूर्ण झाला म्हणून जाहीर केला नोव्हेंबर २०११ मध्ये. मग पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने २० मार्च २०१३ ला यासाठी वेगळं दालनच काढलं, पहिल्या दिवशी १२ गेम्स होते आणि त्यात केएसपी होता, आर्मा थ्री होता, प्रिझन आर्किटेक्ट होता. आज स्टीम उघडा, अर्ली ॲक्सेसचा निळा पट्टा दिसल्याशिवाय राहत नाही.

व्यवहार म्हणून बघितलं तर हे बांधकाम चालू असलेला फ्लॅट बुक करण्यासारखं आहे, आज कमी पैसे, हातात नकाशा आणि "इथे गार्डन होणार" असं सांगणारा एक माणूस. पण फ्लॅटच्या मागे निदान रेरा कायदा आहे. बिल्डरला ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, काम कधी पूर्ण करणार ती तारीख महारेराकडे नोंदवावी लागते. अर्ली ॲक्सेसमध्ये यातलं काहीच नाही. तुमचे पैसे त्याच गेमवर खर्च व्हायला पाहिजेत असंही नाही आणि गेम पूर्ण झालाच पाहिजे असंही नाही. स्टीम हे लपवत नाही बरं का, त्यांच्या माहितीच्या पानावर सरळ लिहिलंय की काही टीम्सना गेम पूर्ण करणं जमणार नाही आणि आज आहे त्या अवस्थेत खेळायची मजा वाटत असेल तरच घ्या. पण ते वाचतो कोण. आपण ट्रेलर बघतो.

आता बगकडे. बग म्हणजे कोणीतरी आळशीपणा केला असं खूप जणांना वाटतं. कधी कधी असतंही तसं. पण क्रॅकनचं बघा, तो का यायचा हे कळलं की अर्धवट गेममधले बग एवढे चिवट का असतात ते कळतं.

कॉम्प्युटर एखादा आकडा किती बारीक लक्षात ठेवू शकतो त्याला मर्यादा असते. केएसपी युनिटी नावाच्या इंजिनवर, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभा राहतो त्यावर, बनलाय आणि त्यात वस्तू कुठे आहे हे ३२ बिटच्या आकड्यात साठवतात, त्यात साधारण सात अंक भरवशाचे, मग दशांश चिन्ह कुठेही येऊ दे. शून्य बिंदूपासून, म्हणजे गेम सगळी अंतरं जिथून मोजतो तिथून, १०० मीटरवर असाल तर केसाहून बारीक फरकही कळतो, काही प्रॉब्लेम नाही. ६०० किलोमीटरवर गेलात, आणि केएसपीतल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या बरोबर एवढी आहे, तर दोन शेजारच्या जागांमधलं सगळ्यात छोटं अंतर होतं ६ सेंटीमीटर. त्याच्या मधलं काही अस्तित्वातच नाही. आणि कर्बिन त्याच्या सूर्यापासून जितका लांब आहे, म्हणजे १ कोटी ३६ लाख किलोमीटर, तिथे ही पायरी होते एक किलोमीटरची. तुमचं अख्खं रॉकेट त्या पायरीपेक्षा लहान.

रॉकेट म्हणजे गेमच्या दृष्टीने वीस, पन्नास, कधी दोनशे वेगळे भाग आणि त्यांना जोडणारे सांधे. गेम सेकंदाला ५० वेळा तपासतो की प्रत्येक सांधा जागेवर आहे ना. आता आकडा गोल झाल्यामुळे टाकी जरा सरकलेली दिसली की फिजिक्सला वाटतं सांधा ताणला गेलाय, ते जोर लावून टाकीला परत ओढतं, ओढल्यावर नवीन जागेचा आकडा पुन्हा गोल होतो, आता उलट्या बाजूला चूक, पुन्हा ओढ. थरथर इथून येते. थोड्या वेळात जोर इतका वाढतो की सांधा तुटल्याचं गेम जाहीर करतो आणि झालं, यान फुटलं.

यावर स्क्वाडने काढलेला उपाय मला अजूनही भारी वाटतो. यान हलवायचंच नाही. यान कायम शून्य बिंदूच्या जवळ ठेवायचं आणि त्याच्याभोवती सगळं विश्व सरकवायचं, म्हणजे यानाजवळचे आकडे नेहमी छोटे आणि बारीक राहतात. सांगायला दोन वाक्यं लागली, पण हे गेममध्ये करायचं म्हणजे ग्रह, कॅमेरा, धूर, दुसरी यानं, नकाशा, सगळ्यांना नवीन हिशोब शिकवायचा, आणि एक जरी गोष्ट जुन्या हिशोबावर राहिली तर तिथे नवीन बग. क्रॅकन बराचसा मेला, पण त्याची पिल्लं पुढे कितीतरी आवृत्त्यांमध्ये सापडत राहिली ती यामुळेच. म्हणून "एवढं साधं फिक्स करायला सहा महिने लागतात का" असं कोणी म्हटलं की मी जरा थांबतो. कधी कधी खरंच लागतात.

दुसरी अडचण, बग डेव्हलपरला दिसायला पाहिजे. त्यांच्या भाषेत त्याला रिप्रो म्हणतात, म्हणजे काय काय केलं की तो बग हमखास येतो ती कृती. तुम्ही लिहिता "गेम क्रॅश होतोय, फालतू गेम", यातून त्याला काहीच कळत नाही. कुठे, काय केल्यावर, कुठल्या कार्डावर, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेले बदल, टाकलेत का, सेव्ह, म्हणजे खेळ साठवलेली फाइल, किती जुनी. कन्सोलवाल्यांना निदान माहिती असतं की समोरचं मशीन कसलं आहे, पीसीवर प्रत्येकाचं वेगळं, एकाकडे दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर, दुसऱ्याकडे लॅपटॉप, तिसऱ्याचा ड्रायव्हर दोन वर्षं अपडेट नाही, आणि बग यातल्या फक्त एकाच जोडीवर येणार. जो बग ऑफिसात येतच नाही तो दुरुस्त कसा करणार.

त्यात सेव्ह फाइलचं दुखणं वेगळं. गेमच्या आतली रचना बदलली की जुनी सेव्ह नव्या गेमला वाचता येत नाही, मग डेव्हलपर म्हणतात सॉरी, नवीन अपडेटला सगळं पुसलं जाणार. ऑनलाइन सर्व्हायवल गेममध्ये याला वाइप म्हणतात, तो शब्द ऐकला की काहींच्या पोटात गोळा येतो. बाकी क्रॅश वगैरे माणूस विसरतो हो, पण दीडशे तास खपून उभारलेला बेस, म्हणजे तळ, उडाला की तो गेम परत डाउनलोड होत नाही. माझा एक मित्र, गेमचं नाव नको, अजून त्या गेमचा विषय काढला की उठून जातो.

आणि ऑप्टिमायझेशन, म्हणजे गेम साध्या पीसीवर सुरळीत चालवणं, हे बहुतेक ठिकाणी शेवटी करतात. कारण जे काम पुढच्या महिन्यात उचकटून नव्याने करायचंय ते आज वेगवान करण्यात अर्थ नसतो. तत्त्व बरोबर आहे. पण हे तत्त्व खेळणाऱ्याला सांगितलं नाही तर त्याला एवढंच दिसतं की महागाचं कार्ड घेऊनही गेम अडखळतोय.

"बग सोडून नवीन टोप्या आणि कपडे कशाला बनवता" ही तक्रार कॉमन आहे, तिचं उत्तरही कॉमन आहे की टोपी बनवणारा आर्टिस्ट वेगळा, नेटवर्कचा कोड लिहिणारा वेगळा, टोपी थांबवली म्हणून सर्व्हर सुधारणार नाही. उत्तर खरं आहे पण पूर्ण नाही. किती आर्टिस्ट घ्यायचे आणि किती प्रोग्रॅमर हे कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि नवीन फीचरचा ट्रेलर होतो, बग सुटल्याचा होत नाही, त्यामुळे ते ठरवणाऱ्याचा हात कुठल्या बाजूला झुकतो ते उघड आहे. आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्डने तर सप्टेंबर २०१६ मध्ये, मूळ गेम अजून अर्ली ॲक्सेसमध्ये असताना, स्कॉर्च्ड अर्थ नावाचं विकतचं एक्सपान्शन, म्हणजे वाढीव भाग, काढलं. मूळ गेम पूर्ण झाला ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. लोक खवळले आणि मला ते अगदी बरोबर वाटतं.

डेझीचंही बघा. आर्मा टूवरच्या मॉडमधून आलेला झोंबी गेम, १६ डिसेंबर २०१३ ला स्टीमवर आला, आणि स्टोअरच्या पानावर मोठ्या अक्षरात इशारा होता की डेव्हलपमेंटला मदत करायची नसेल आणि गंभीर अडचणी सोसायची तयारी नसेल तर विकत घेऊ नका. तरी पहिल्या महिन्यातच दहा लाखांवर प्रती खपल्या. झोंबी भिंतीतून आरपार यायचे, शिडीवर चढताना माणूस उगाच मरायचा, सुरुवातीला लोक याचे व्हिडिओ करून हसले. मग डेव्हलपरांनी ठरवलं की मुळातलं इंजिनच बदलायचं, तांत्रिकदृष्ट्या ते बहुधा बरोबरही होतं, पण इंजिन बदलताना बाहेरून काहीच हललेलं दिसत नाही, महिनोन् महिने जातात आणि तेच बग तिथेच. गेमचा चेहरा असलेला डीन हॉल २०१४ च्या शेवटी कंपनी सोडून गेला. १.० आवृत्ती आली डिसेंबर २०१८ मध्ये. पाच वर्षं. इशारा दिला होता हे खरं, पण इशाऱ्यात पाच वर्षं असं नव्हतं लिहिलं.

आता परत केएसपी टूकडे येतो, कारण तिथे लोक नेमके कशावर चिडले हे क्रमाने बघण्यासारखं आहे.

गेम जाहीर झाला २०१९ मध्ये, येणार होता २०२० मध्ये. मग लांबला, परत लांबला, मध्येच तो करणारा स्टुडिओ बदलला आणि मालक कंपनी टेक-टूने इंटरसेप्ट गेम्स नावाचा नवीन स्टुडिओ काढून काम तिकडे दिलं. म्हणजे २०२३ मध्ये लोकांच्या हातात आला तेव्हा तो कोणाच्या फावल्या वेळातला प्रयोग नव्हता, मोठ्या कंपनीचा, कित्येक वर्षं शिजलेला गेम होता. आणि पहिल्या भागात जे होतं त्यातलं बरंच यात नव्हतं! सायन्स आणि करिअर हे खेळायचे प्रकार नाहीत. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांवर जाणं, मल्टिप्लेअर, हे सगळं रोडमॅपवर, म्हणजे चित्रात.

पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आला १६ मार्चला, तीन आठवड्यांनी. पुढचे पॅच हळूहळू आणखी लांबत गेले. डुलणाऱ्या रॉकेटबद्दल लोक महिनोन् महिने बोलत होते, आणि तो प्रकार नवीन नव्हता हे लक्षात घ्या. पन्नास भाग साखळीसारखे जोडले की प्रत्येक सांध्याची छोटी छोटी लवचिकता बेरीज होत जाते आणि टोकाला मोठा झोका दिसतो, पहिल्या भागातही हेच व्हायचं आणि तिथे आधाराचे दांडे आपोआप लावायची सोय पुढे दिली होती. म्हणजे रोग माहितीतला, औषधही माहितीतलं. अशा वेळी "अर्ली ॲक्सेस आहे" हे उत्तर पटत नाही. नवीन काहीतरी करताना आलेला बग वेगळा आणि आधीच्याच भागात हाताळलेला बग पुन्हा येणं वेगळं.

त्यातच त्या वर्षी एका खेळाडूला सापडलं की गेम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सेटिंग्ज जिथे राहतात तिथे, गुपचूप डेटा लिहीत सुटलाय आणि तो साफच करत नाहीये. जितके तास खेळाल तितका कचरा जास्त. हे नंतर सुधारलं, पण गेममधला बग गेममध्ये राहतो आणि हा बाहेर पडून पीसीत शिरला, त्यामुळे उरलेला विश्वासही हलला.

डिसेंबर २०२३ मध्ये फॉर सायन्स नावाचं मोठं अपडेट आलं, आणि खरं सांगायचं तर ते चांगलं होतं, वेग सुधारला होता, लोक परत खेळायला लागले होते, रिव्ह्यू वर चढत होते. पाच महिने गेले नाहीत तर टेक-टूच्या सिॲटलमधल्या, म्हणजे हा गेम जिथे बनत होता त्या ऑफिसातल्या ७० जणांना काढणार असल्याची सरकारी नोटीस बाहेर आली, २८ जूनपासून लागू. जून २०२४ नंतर अपडेट नाही. नोव्हेंबरमध्ये टेक-टूने त्या गेमचा पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारा, असलेला प्रायव्हेट डिव्हिजन विभागच विकल्याचं जाहीर केलं. वसाहती आल्या नाहीत, तारे आले नाहीत. मधल्या सगळ्या काळात गेम विक्रीला होताच, आणि खेळणाऱ्यांना डेव्हलपरकडून सरळ एक ओळ की बाबांनो, थांबलं, ती कित्येक महिने मिळाली नाही. सगळ्यात जास्त शिव्या लाँचच्या दिवशी पडल्या असतील असं वाटेल, पण माझ्या मते खरा संताप त्या गप्प राहण्यावर होता. बग हे निमित्त.

क्रॅकनच्या काळात काय वेगळं होतं ते आता सांगता येईल. गेम सुरुवातीला फुकट होता, मग थोड्या पैशांत, आणि जसजशा गोष्टी वाढल्या तसतशी किंमत वाढवली. अपडेट येत राहायचे. करणारी माणसं मोजकी होती आणि ती बोलायची. आज यान फुटलं तर पुढच्या वेळी काहीतरी नवीन असणार हे माहिती होतं, त्यामुळे फुटण्यातही मजा होती. यात पुण्य-पाप काही नाही, हिशोब आहे, मी किती दिले आणि बदल्यात काहीतरी सरकताना दिसतंय का.

हे नीट सांभाळणारे आहेत. प्रागच्या वुब कंपनीने फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा गेम करताना वर्षानुवर्षं शुक्रवारी एक लेख टाकला, या आठवड्यात काय केलं, काय मोडलं, का मोडलं. त्यांच्या मल्टिप्लेअरमध्ये प्रत्येकाचा कॉम्प्युटर अख्खा कारखाना स्वतःच चालवतो आणि एकमेकांना फक्त कोणी काय बटण दाबलं एवढंच पाठवतो, म्हणजे एका मशीनवर एक बिट जरी वेगळा आला तरी दोघांचे कारखाने वेगळे होणार, याला डीसिंक म्हणतात. भयंकर बग आहे तो, शोधणं महाकठीण. पण ते कसा शोधला हेच इतकं रंगवून लिहायचे की वाचणारा चिडायचा विसरून जायचा. गेम २०२० मध्ये पूर्ण झाला.

बाल्डर्स गेट थ्रीचं उदाहरण तर फारच बोलकं. बेल्जियमच्या लॅरियनने ऑक्टोबर २०२० मध्ये फक्त पहिला अंक विकायला ठेवला, तोही पूर्ण किमतीला, आणि जवळजवळ तीन वर्षं लोकांनी तोच अंक खेळून खेळून त्यातली प्रत्येक फट शोधून दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला, जगभर डोक्यावर घेतला, आणि तक्रारी कुठल्या भागाबद्दल जास्त आल्या? तिसऱ्या अंकाबद्दल. तिथेच फ्रेम रेट पडत होता, तिथेच क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, अडकत होत्या, कारण तो अंक बाहेरच्या कोणी आधी खेळलाच नव्हता. खेळणाऱ्यांच्या तक्रारींचा उपयोग होतो का असं विचारणाऱ्याला मी हा पहिला अंक आणि तिसरा अंक दाखवतो.

उलट टोकाला द डे बिफोर नावाचा गेम. ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि ११ तारखेला स्टुडिओने दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. चार दिवस. त्यांना पैसे परत करावे लागले एवढं एक बरं झालं.

आपल्याकडचं चित्र जरा वेगळं आहे, कारण आपला बहुतेक कारभार मोबाइलवर. २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झाल्यावर १७ जून २०२१ ला त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय आला तोही आधी अर्ली ॲक्सेस म्हणूनच, पण तो फुकट होता आणि दोनच आठवड्यांत पूर्ण लाँच झाला. प्ले स्टोअरवर आणखी एक फरक आहे, तिथे ॲप टेस्टिंगमध्ये असेपर्यंत जाहीर स्टार देता येत नाहीत, तुमचा अभिप्राय फक्त डेव्हलपरला दिसतो. स्टीमवर पहिल्या तासापासून जाहीर रिव्ह्यू. डेव्हलपरला प्ले स्टोअरची पद्धत सुखाची, पण पैसे देऊन घेणाऱ्याला स्टीमचीच पाहिजे, यात मला शंका नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगनेही त्यांचा इंडस हा गेम आधी क्लोज्ड बीटामध्ये ठेवला, मोजक्या लोकांना खेळवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी सोडला. वाट बघून लोक कंटाळतात हे खरं, पण निदान कोणाच्या खिशातून आधी काही जात नाही.

मग घ्यायचा असेल तर काय बघायचं. ट्रेलर आणि रोडमॅप बाजूला ठेवा. स्टीमच्या पानावर अर्ली ॲक्सेसच्या चौकटीत डेव्हलपरने स्वतः उत्तरं दिलेली असतात, किती काळ लागेल, आज काय काय आहे, किंमत बदलणार का, ती वाचा आणि तारखा ताडून बघा, "साधारण एक वर्ष" असं चार वर्षांपूर्वी लिहिलेलं असेल तर समजून जा. पॅच नोट्स उघडा. त्यात नुसती सेलची जाहिरात आणि नवीन स्किन असतील तर एक, आणि "अमुक शिडीवरून पडल्यावर तमुक होत होतं, सुधारलं" अशा कंटाळवाण्या पन्नास ओळी असतील तर दुसरं, मला त्या कंटाळवाण्या ओळी बघितल्या की बरं वाटतं. रिव्ह्यू नेहमी अलीकडचे लावून वाचा, एकूण आकडा जुन्या प्रेमावर तरलेला असू शकतो. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम स्वतःच एक सूचना दाखवायला लागलंय, अर्ली ॲक्सेस गेमला वर्षभराच्या वर अपडेट नसेल तर ते पानावर लिहून येतं. हे दहा वर्षं आधी यायला पाहिजे होतं, असो.

स्टीमवर रिफंडचा नियम २०१५ पासून आहे, घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळून दोन तासांच्या आत. अर्ली ॲक्सेसलाही तोच लागू. पण केएसपीसारख्या गेममध्ये दोन तास पहिलं रॉकेट बांधण्यातच जातात, आणि काही गेम्स पहिल्यांदा सुरू होताना ग्राफिक्सची तयारी करत बसतात तो वेळही खेळण्यातच धरला जातो. त्यामुळे पहिल्या दोन तासांत छान छान बघत बसू नका. आपल्या मशीनवर फ्रेम रेट बघा, सेव्ह करा, गेम बंद करा, परत उघडून ती सेव्ह लोड करा, मित्रासोबत खेळायचा असेल तर त्याला लगेच जोडून बघा. काही बिघडलं तर आधी लॉग फाइल, म्हणजे गेम स्वतःच्या नोंदी लिहितो ती, आणि सेव्ह बाजूला कॉपी करून ठेवा, मग काय केल्यावर बिघडलं ते दोन ओळींत लिहून पाठवा, आणि दोन तास व्हायच्या आत ठरवा, ठेवायचा की परत करायचा.